मराठी-कन्नड नोंदींची वेब सर्व्हिस टॉमकॅटवर कशी लावावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पतसंस्थेचे सभासद असोत, डेअरीचे दूध उत्पादक असोत की कारखान्याची ऊसनोंदणी, एकाच तक्त्यात मराठी नावं असतात आणि कन्नडही. शाखांतून येणाऱ्या या नोंदी मुख्य कचेरीतला सर्व्हर वेब सर्व्हिसमार्फत (नेटवरून प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) घेतो. अशा सर्व्हरवर जावा कोड फारसा अडत नाही. अडतं ते लिपीच्या एन्कोडिंगवर (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत), प्रॉक्सीवर (बाहेरची विनंती घेऊन आत पाठवणारा मधला सर्व्हर), डेटाबेसच्या जोडण्यांवर आणि लाइट जाऊन परत आल्यावर. म्हणून इथे भर त्यांवरच आहे.

गृहीत धरलेली मांडणी अशी: उबंटू, जावा १७, टॉमकॅट १०.१ (जावा वेब अॅप चालवणारा सर्व्हर), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) आणि पुढे एनजिनएक्स (प्रॉक्सी). दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीचं मशीन लहान संस्थेला पुरतं. फाइलींची आणि पर्यायांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, मशीनवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी आवृत्त्या जुळवा

टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटची (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासची) पॅकेजं 'जावाएक्स' नावाखाली होती, १० पासून ती 'जकार्ता' नावाखाली गेली. जुनी वॉर फाइल (अॅपचं एकत्र बांधलेलं पॅकेज) टॉमकॅट १० च्या वेबअॅप्स फोल्डरमध्ये टाकली, तर अॅनोटेशनवर (कोडमधल्याच '@' खुणांवर) लिहिलेले सर्व्हलेट सर्व्हरला दिसतच नाहीत: लॉगमध्ये चूक नाही, पण ब्राउझरमध्ये ४०४ (पान सापडलं नाही). सोर्स कोड हाताशी नसेल तर ती फाइल 'वेबअॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, टॉमकॅट ती रूपांतरित करून घेतो. कोड हाताशी असेल तर तोच बदला, पुढचा त्रास वाचतो.

सोप सेवा (एक्सएमएलमधून निरोपांची देवाणघेवाण करणारी) असेल तर आणखी एक गोष्ट. जॅक्स-डब्ल्यूएस (सोपसाठीचं जावाचं साधन) पूर्वी जावाच्या आतच येत असे, जावा ११ मध्ये ते काढून टाकलं. त्यामुळे जावा ८ वर सुरळीत चालणारी सेवा नव्या जावावर क्लास सापडत नाही म्हणून पडते. सीएक्सएफ किंवा मेट्रो लायब्ररी वॉरमध्ये स्वतः घालावी लागते. टॉमकॅट १०.१ बरोबर सीएक्सएफ ४ घ्या, ३ ची मालिका जावाएक्सवाली आहे.

टॉमकॅट '/ऑप्ट' खाली उलगडा, त्याच्यासाठी लॉगिन नसलेला वेगळा युजर करा आणि सोबत येणारी एक्झाम्पल्स, डॉक्स, मॅनेजर ही अॅप्स काढून टाका. रूट म्हणून चालवू नका.

एन्कोडिंग, पहिली नोंद पडण्याआधी

हे काम नंतरवर टाकू नका. चुकीच्या एन्कोडिंगने साठलेला मजकूर दोन प्रकारे बिघडतो. एका प्रकारात तो परत मिळतो, दुसऱ्यात कायमचा जातो.

यूटीएफ-८ या सर्व लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, कन्नडलाही ३. हे बाइट कुणी लॅटिन-१ (युरोपीय भाषांचं जुनं, एका बाइटाचं एन्कोडिंग) समजून वाचले, तर पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्या शेजारी येन या जपानी चलनाचं चिन्ह अधूनमधून येत असेल तर मूळ मजकूर देवनागरी होता. वर उचललेले बारीक २ आणि ३ दिसत असतील तर तो कन्नड होता. अशा मजकुरातले बाइट शाबूत असतात, त्यामुळे तो दुरुस्त होतो. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली. मग सभासदाचा कागदी अर्ज काढून पुन्हा टाइप करण्याखेरीज उपाय नाही.

प्रश्नचिन्हं बहुतेकदा येतात ती जावाला मिळालेल्या वातावरणातून. टर्मिनलवरून हाताने सुरू केलेला टॉमकॅट तुमच्या लॉगिनचा 'लॅंग' (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) उचलतो. सिस्टमडी (उबंटूत सेवा सुरू करणारी व्यवस्था) किंवा कंटेनरमधून सुरू झालेल्याला तो मिळेलच असं नाही, आणि मग जावा १७ आपलं मूळ एन्कोडिंग साधं आस्की (फक्त रोमन अक्षरांचं) धरतो. चाचणीत ठीक चाललेली सेवा मशीन रीस्टार्ट झाल्यावर प्रश्नचिन्हं का देते, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये 'लॅंग=सी.यूटीएफ-८' द्या आणि टॉमकॅटच्या सेटएन्व्ह.एसएच मध्ये 'फाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८' लिहा. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे, तरी फाइलींच्या नावांसाठी लॅंग लागतोच.

विनंतीच्या मजकुराचं एन्कोडिंग टॉमकॅट १० च्या कॉन्फ फोल्डरातल्या वेब.एक्सएमएल मध्ये आधीच यूटीएफ-८ असतं. अपग्रेड करताना ९ ची जुनी फाइल त्यावर चढवली की ते जातं आणि लॅटिन-१ परत येतं. जुनी फाइल कॉपी न करता तुमचे बदल नव्या फाइलीत करा. शाखेकडून सोप पाठवणाऱ्या प्रोग्रामने कंटेंट-टाइप हेडरमध्ये 'चारसेट=यूटीएफ-८' लिहिलंच पाहिजे, सर्व्हरच्या अंदाजावर सोडू नये.

मायएसक्यूएलमध्ये अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' हवा. डेटाबेसवर आल्टर चालवलं की जुनी टेबलं बदलतात हा समज चुकीचा आहे. तो आदेश फक्त यापुढे होणाऱ्या टेबलांना लागतो. जुन्या प्रत्येक टेबलावर 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट' चालवावं लागतं. त्यातही सांभाळा: लॅटिन-१ कॉलममध्ये यूटीएफ-८ चे बाइट आधीच बसले असतील, तर थेट कन्व्हर्ट केल्यावर ते दुसऱ्यांदा एन्कोड होतात. अशा वेळी कॉलम आधी व्हारबायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४. आणि त्याआधी बॅकअप घ्या.

चाचणीसाठी शाखेच्या मशीनवरून 'बेळगाव' हे नाव पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्याचं हेक्स (सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले बाइट) पाहा. कॉलम यूटीएफ८एमबी४ असताना सुरुवात 'ई०ए४एसी' अशी असेल तर सगळं बरोबर. 'सी३ए०' असेल तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. '३एफ' असेल तर ते प्रश्नचिन्ह. हीच चाचणी कन्नड नावावरही घ्या.

कॉलमची रुंदीही तपासा. 'बेळगाव' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण काने-मात्रे धरून ती ६ चिन्हं आणि १८ बाइट होतात. कन्नड लिपीतलं 'बेळगावि' ७ चिन्हं, २१ बाइट. मायएसक्यूएल रुंदी चिन्हांत मोजतो. ऑरॅकल मूळ मांडणीत बाइटांत मोजतो, म्हणजे ३० चा कॉलम मराठीच्या १० चिन्हांत भरतो आणि पूर्ण नाव बसत नाही.

आता मराठीचा खास घोळ. 'गोऱ्हे' मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टाइप होतो: काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह देतात, काही 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत आणि एकाच माणसाची दोन खाती उघडली जातात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) हा फरक मिटवत नाही. नोंद आत येते तिथेच आधी एनएफसी चालवा, मग 'र + हलन्त + झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ + हलन्त' ठेवा. झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका: मराठीत ते पुसल्याने ऱ्ह चा रफार होतो, आणि कन्नडमध्ये रकाराच्या काही जोडाक्षरांना ते लागतंच. शोधताना टाइप केलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया व्हायला हवी.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जुन्या खात्यांत बेळगाव आणि बेलगाम दोन्ही सापडतात. गाव मजकुरात साठवू नका, संकेतांक द्या.

पुढे एनजिनएक्स

सर्व्हर.एक्सएमएल मधल्या ८०८० च्या कनेक्टरला पत्ता १२७.०.०.१ द्या आणि शटडाउनचा ८००५ हा पोर्ट -१ करा. बाहेरून फक्त ४४३ उघडा, त्यावर एनजिनएक्स.

सोपमध्ये इथे हमखास एक चूक होते. डब्ल्यूएसडीएल (सेवेचं वर्णन करणारी फाइल) उघडतं, पण त्याच्या तळाशी सेवेचा पत्ता 'एचटीटीपी, लोकलहोस्ट, ८०८०' असा छापलेला असतो. शाखेचा प्रोग्राम तोच पत्ता उचलतो आणि स्वतःच्याच मशीनवर सर्व्हर शोधत बसतो. एनजिनएक्समध्ये होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे दोन्ही हेडर पुढे पाठवा, आणि टॉमकॅटमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावून त्यात प्रोटोकॉलहेडर लिहा, म्हणजे तिथे बाहेरचा खरा पत्ता छापला जातो.

स्कॅन केलेली कागदपत्रं पाठवताना ४१३ (मजकूर फार मोठा) आला तर एनजिनएक्सची १ एमबीची मूळ मर्यादा वाढवा. मोठ्या अहवालावर ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही) आला तर ६० सेकंदांची वाचनमर्यादा पाहा. पण अहवालाला मिनिट का लागतं, ते आधी शोधा.

जोडण्या आणि मेमरी

टॉमकॅट एका वेळी २०० धागे (समांतर चालणारी कामं) चालवतो, पण त्याच्या पूलमध्ये (तयार जोडण्यांच्या साठ्यात) डेटाबेसच्या जोडण्या मुळात ८ च असतात. शिवाय जोडणी मिळेपर्यंत थांबण्याला मर्यादा नाही. दहा तारखेला हप्त्यांची गर्दी झाली की बाकीचे धागे चूक न दाखवता नुसते अडकून राहतात. मॅक्सथ्रेड्स १००, मॅक्सटोटल २०, मॅक्सवेटमिलिस १०००० ठेवा. मायएसक्यूएलच्या एकूण जोडण्या मुळात १५१ असतात, सगळ्या अॅप्सच्या पूलची बेरीज त्याखाली हवी. 'टेस्टऑनबॉरो' (वापराआधी जोडणी तपासणारा पर्याय) बंद करू नका: ८ तास निष्क्रिय राहिलेली जोडणी मायएसक्यूएल तोडतो, आणि सकाळी कचेरी उघडताच पहिलाच व्यवहार फसतो. पूल कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल मध्ये असेल तर ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये लागते, वॉरमध्ये चालत नाही.

डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर ४ जीबीत हीप (जावाची मुख्य मेमरी) १५३६ एमबीच्या वर नेऊ नका. हीपबाहेरही जावा बरीच मेमरी घेतो.

घड्याळ आणि लाइट

'यूजर.टाइमझोन' मध्ये आशिया/कोलकाता लिहा. भाड्याच्या क्लाउड मशीनवर वेळ बहुधा यूटीसी असते, आपल्याहून ५ तास ३० मिनिटं मागे. डेअरीचं पहाटे सव्वापाचचं संकलन मग आदल्या दिवशीच्या तारखेला पडतं, आणि बिल जुळत नाही.

पावसाळ्यात लाइट वारंवार जाते. यूपीएस हवाच, पण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बघा. तो संपला की लाइट आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं. डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा (सोपच्या सुरक्षा-पद्धतीचा) टाइमस्टॅम्प तर आणखी काटेकोर: सीएक्सएफ ज्यावर चालतो तो डब्ल्यूएसएस४जे मूळ मांडणीत ६० सेकंदांहून पुढचा किंवा ३०० सेकंदांहून जुना निरोप घेत नाही. शाखांच्या मशीनवरही घड्याळ नेटवरून जुळवायची सोय चालू ठेवा, सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम).

युनिट फाइलमध्ये 'आफ्टर' समोर मायएसक्यूएलची सेवा लिहा आणि 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ठेवा. एवढ्यावर विसंबू नका, कारण डेटाबेस वर यायच्या आत अॅप सुरू व्हायला गेलं तर अॅप पडतं पण टॉमकॅट चालूच राहतो. सिस्टमडीला सगळं ठीक दिसतं, शाखेला ४०४. डेटाबेसला एक साधी क्वेरी विचारून उत्तर देणारा तपासणीचा पत्ता सेवेतच करा, दर दोन मिनिटांनी तो मागवा आणि ओळीने तीन वेळा फसला तर टॉमकॅट रीस्टार्ट होईल असा टायमर लावा.

सगळं लावून झालं की मशीन पूर्ण रीबूट करा आणि हाताने काहीही सुरू करू नका. पाच मिनिटांनी कचेरीबाहेरच्या मशीनवरून, मोबाइलच्या नेटवर, डब्ल्यूएसडीएल उघडून त्यातला पत्ता वाचा. मग एक मराठी आणि एक कन्नड नाव पाठवून त्यांचं हेक्स पुन्हा पाहा.