विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला जाताना: अर्जापासून अनामत परत मिळेपर्यंत

विद्यापीठाच्या आवारातलं वसतिगृह स्वस्त पडतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पुण्यात बाहेर कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याचे जेवढे पैसे जातात, त्यापुढे आवारातल्या खोलीचं शुल्क किरकोळ वाटतं. पण वसतिगृह चालतं कार्यालयातल्या कागदांवर आणि खोलीतल्या दोघा-तिघांनी आपसात ठरवलेल्या गोष्टींवर. ही दोन्ही कामं पहिल्या पंधरवड्यात उरकली, तर पुढची दोन वर्षं बऱ्यापैकी सुखाची जातात. नाहीतर स्वस्त खोलीची किंमत मनस्तापाने चुकवावी लागते.

१. अर्ज वेगळा भरायचा असतो

विभागात प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली, असा पुष्कळांचा समज असतो. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी आणि यादीही वेगळी. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत गुणवत्ता आणि आरक्षण पाहून खोल्या वाटल्या जातात. त्याच शहरात घर असेल तर सहसा अर्जच करता येत नाही. खोली मिळते ती वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा यादी.

पहिल्या यादीत नाव नसेल तर लगेच बाहेर वर्षभराचा करार करू नका. काही जण दुसरीकडे प्रवेश घेतात, काहींना नोकरी लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या यादीत जागा निघतात. महिन्या-महिन्याच्या बोलीवर कुठेतरी राहा आणि आठवड्यातून एकदा वसतिगृह कार्यालयात तोंड दाखवा. तिथल्या शिपाईमामांना तुमचा चेहरा ओळखीचा झालेला बरा.

नाव लागलंच नाही, तर शासनाच्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तर ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रत्येकीच्या अटी आणि मुदती निराळ्या असतात, म्हणून यादीची वाट पाहत असतानाच चौकशी करून ठेवावी. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, ती याच अडचणीसाठी. शिकायला गावातून येणाऱ्याने रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

या प्रश्नाचं एक बेकायदा उत्तरही आहे. नाव न लागलेला मुलगा ओळखीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो. अशाला पुण्यात ‘पॅरासाइट’ म्हणतात. त्याची गरज खरी असते, पण तपासणीत तो सापडला की दंड बसतो आणि खोली जाते ती ज्याच्या नावावर आहे त्याची. मित्राला थेट नाही म्हणणं जमत नसेल, तर रीतसर पाहुणा म्हणून नोंद करा आणि मुक्काम किती दिवसांचा, ते त्याच्यासमोरच ठरवा.

२. कागदांची पिशवी

खोली घ्यायला जाताना प्रवेशाची पावती, गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट फोटो हे सगळं लागतं. फोटो पुष्कळ घ्या. ओळखपत्राला, मेसला, ग्रंथालयाला, सगळीकडे लागतात. घोळ होतो तो उत्पन्नाच्या दाखल्याचा. तहसीलदाराचा हा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा जुलैमध्ये दाखवून उपयोग नसतो. निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सेतू केंद्रात अर्ज टाका.

स्थानिक पालक म्हणून कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. दूरच्या मावशीचं नाव देणार असाल तर तिला आधी विचारा. रात्री अकरा वाजता रेक्टरांचा, म्हणजे वसतिगृहप्रमुखांचा, फोन गेला आणि मावशी ‘कोण म्हणालात?’ म्हणाल्या, तर पंचाईत व्हायची.

रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरावं लागतं, विद्यार्थ्याचं आणि पालकाचंही, आणि ते दर वर्षी नव्याने. प्रतिज्ञापत्र मागितलं तर स्टॅम्पपेपर विकत घेण्याआधी साधा कागद चालेल का, ते विचारून घ्या.

३. सामान कमी, कुलूप चांगलं

खोलीत लोखंडी कॉट, टेबल, खुर्ची आणि कपाट एवढं साधारण मिळतं. गादी बहुतेक ठिकाणी आपलीच लागते. ती गावाहून आणू नका, तिथेच घ्या. स्वतःची दोन कुलपं, बादली-मग, कपडे वाळत घालायची दोरी, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च आणि एक ताट-वाटी-पेला यात भागतं.

सायकल मात्र घ्याच, जुनी मिळाली तर उत्तम. पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं ८५३ एकरांचं. वसतिगृह ते विभाग, विभाग ते ग्रंथालय, तिथून मेस अशी पायपीट पहिल्या आठवड्यात छान वाटते, नंतर नाही.

पाणी तापवायचा रॉड आणि कॉइलची शेगडी दोन्ही बंदीच्या यादीत असतात आणि दोन्ही सगळीकडे असतात. बंदीमागचं कारण साधं आहे. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, आणि खोलीतला साधा सॉकेट पाच-सहा अँपिअरचा असतो. जुन्या इमारतीत एकाच मजल्यावर थंडीत सकाळी सात वाजता दहा रॉड लागले की काय होतं, ते कळायला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची गरज नाही. सोलरचं गरम पाणी किती वाजता संपतं, ते शेजारच्या खोलीत विचारा आणि त्याआधी उठा.

४. खोली ताब्यात घेताना ढेकूण शोधा

किल्ली हातात आली की सामान लावायच्या आधी मोबाइलवर खोलीचे फोटो काढा. फुटलेली काच, मोडकी कडी, बंद पंखा, भिंतीतली ओल सगळं टिपा आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. नाहीतर वर्षाअखेरीस ती काच तुम्हीच फोडली असं होतं.

मग कॉटकडे वळा. वसतिगृहाचा खरा जुना रहिवासी म्हणजे ढेकूण. तो गादीच्या शिवणीत, कॉटच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत आणि प्लायवूडच्या चिरांत असतो. बारीक काळे ठिपके दिसले तर समजायचं. रिकाम्या खोलीत तो मरून गेला असेल, या भरवशावर राहू नका. उपाशीपोटी तो महिनोन् महिने तग धरतो. औषध एकदाच मारून थांबणं ही सगळीकडे होणारी चूक आहे, कारण अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि तीही शेजारच्या खोल्यांसकट. कॉट बाहेर ओढून सांध्यांवर उकळतं पाणी ओतणं हा जुना उपाय खरंच लागू पडतो, कारण उष्णतेपुढे अंडीही टिकत नाहीत. कपडे आणि चादरी गरम पाण्यातून काढा. आणि आधीच्या मुलाने सोडलेली गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

५. पार्टनरशी पहिल्या आठवड्यातच बोला

पार्टनर निवडता येत नाही. लातूरचा इतिहासवाला आणि जळगावचा रसायनशास्त्रवाला एका खोलीत येतात. एकाचं प्रॅक्टिकल सकाळी असतं, दुसरा रात्री तीनपर्यंत स्पर्धा परीक्षेचं वाचतो. भांडण सहसा मोठ्या गोष्टीवरून होत नाही. दिवा, फोन, केर आणि न विचारता वापरलेला साबण यांवरून होतं.

म्हणून गोडीगुलाबीच्या दिवसांतच चार गोष्टी ठरवून टाका. मोठा दिवा किती वाजता बंद होणार? (नंतर वाचणाऱ्याने टेबललॅम्प लावावा, तो भिंतीकडे वळवून.) फोनवर लांब बोलायचं असेल तर बाहेर जायचं की नाही? केर कुणी कोणत्या दिवशी काढायचा? पाहुणा येणार असेल तर किती आधी सांगायचं? हे बोलायला संकोच वाटतो, पण सुरुवात सोपी आहे: ‘मला उजेडात झोप लागत नाही रे, आपण काय करूया?’ आपली अडचण आधी सांगितली की समोरचाही त्याची सांगतो.

पैशांचा हिशेब मात्र महिनाअखेरीला नको, त्याच दिवशी. पाण्याचा जार, झाडू, फिनाइल यांचे तीस-चाळीस रुपये मागायला कुणाला बरं वाटत नाही आणि न मागितल्याचं विसरायलाही होत नाही. इतकं करूनही पटलं नाही, तर खोली बदलून मागा. रेक्टरांकडे जाताना तक्रार घेऊन जाण्यापेक्षा अदलाबदलीला तयार असलेला तिसरा मुलगा घेऊन जा. काम लवकर होतं.

६. मेस आणि खाडे

मेस लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी कूपनवर जेवून पाहा, आणि रविवारी नको. रविवारच्या फीस्टवरून मेसची परीक्षा होत नाही, मंगळवारच्या रात्रीच्या भाजीवरून होते. मग खाड्याचा नियम विचारा. किती दिवस सलग गैरहजर राहिलं की खाडा धरतात, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगावं लागतं, पैसे परत मिळतात की पुढच्या महिन्यात वळते होतात? दिवाळीला पंधरा दिवस घरी जाणाऱ्याला हे पैसे थोडे नसतात.

काही वसतिगृहांत विद्यार्थीच मेस चालवतात. तिथे महिन्याचा एकूण खर्च एकूण ताटांनी भागतात. समजा खर्च १,८०,००० रुपये झाला आणि ३,००० ताटं उठली, तर ताटाला ६० रुपये. अशा मेसच्या कमिटीत एखादा महिना काम करा. पहाटे मंडईत जाऊन चाळीस किलो कांदा घासाघीस करून घेतल्यावर भाजीला नावं ठेवण्याचा उत्साह बराच कमी होतो.

हाताला पैसे कमी पडत असतील तर पुण्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना आहे, इतर विद्यापीठांतही तशा योजना आहेत. ग्रंथालय, विभाग, बाग अशा ठिकाणी तासांवर काम मिळतं. फॉर्म लवकर निघतात आणि लवकर संपतात.

७. रॅगिंग, आणि मुलींच्या वेळा

सीनियरला दादा किंवा ताई म्हणणं आपल्याकडची रीत आहे, म्हणा. पण रात्री खोलीवर बोलावून ‘इंट्रो’च्या नावाखाली छळ होत असेल तर ती रीत नव्हे, गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर आत्ताच सेव्ह करा आणि घरच्यांनाही द्या.

मुलींच्या वसतिगृहाचं दार बऱ्याच ठिकाणी मुलांच्या आधी बंद होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलेलं आहे की सुरक्षेचं कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. ग्रंथालयातून उशिरा परतायला परवानगी हवी असेल, तर एकटीने तोंडी विनंती करण्याऐवजी पाच-दहा जणींनी सहीनिशी अर्ज द्यावा आणि त्यात या विनियमांचा उल्लेख करावा. लैंगिक छळाची तक्रार करायची असेल, तर प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर सूचनाफलकावर असायला हवेत. नसतील तर तेही मागा.

८. खोली सोडताना

परीक्षा संपल्या की दोन-चार दिवसांत खोली रिकामी करायला सांगतात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांची घाई असते. ‘नो ड्यूज’च्या फॉर्मवर ग्रंथालय, विभाग, मेस आणि वसतिगृह अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. शेवटच्या पेपरच्या आदल्या आठवड्यातच हा फॉर्म हातात घ्या. कॉट-टेबल-पंखा मोजून देताना पहिल्या दिवशीचे फोटो उपयोगी पडतात. अनामत रकमेच्या अर्जाला मूळ पावती आणि रद्द केलेला धनादेश जोडा, तोही पुढेही चालू राहणार असलेल्या खात्याचा. शिष्यवृत्तीसाठी उघडलेली खाती नंतर बंद पडतात आणि पैसे परत विद्यापीठाकडे जातात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि अजून वर्षभर आवारात असणाऱ्या एखाद्या ज्युनिअरकडे तिची झेरॉक्स देऊन ठेवा.