मेंटेनन्स फ्लुइड लावताना या चुका टाळा: लहान मुलं आणि मोठी माणसं, दोघांसाठी

कोल्हापुरात कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघा, नातेवाईक म्हणणारच, "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा की." लोकांना सलाईन म्हणजे ताकद वाटते ते एक वेळ समजू शकतं, पण वॉर्डात आपण स्वतः पण सवयीने "तीन बाटल्या चालू ठेवा" लिहून पुढच्या बेडकडे जातो ते मला खरंच खटकतं. सलाईन हे औषध आहे, त्याला डोस आहे, आणि डोस चुकला तर मुलाला झटके येऊ शकतात. नवीन इंटर्न, आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि नाईटला एकट्या वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर, तुमच्यासाठी हे लिहितोय.

आधी बघा, मेंटेनन्सच द्यायचंय ना?

मेंटेनन्स म्हणजे ज्याच्या अंगात पाणी बरोबर आहे पण तोंडाने घेता येत नाही त्याची दिवसाची गरज. आधीच गेलेलं पाणी भरून काढणं वेगळं, आणि अजून जुलाब-उलटीतून जातंय ते भरणं आणखी वेगळं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं की नंतर गॅस्ट्रोची पोरं येतात, डोळे खोल गेलेले, सुस्त पडलेलं १४ किलोचं मूल, त्याला ताशी ५० मिली लावून बसलात तर ते हातचं जाईल. तीव्र डिहायड्रेशनला डब्ल्यूएचओचा प्लॅन सी आहे, आरएल (रिंगर लॅक्टेट) किलोला १०० मिली, म्हणजे या मुलाला १४०० मिली, त्यातलं ४२० पहिल्या अर्ध्या तासात आणि राहिलेलं ९८० पुढच्या अडीच तासात (वर्षाच्या आतलं बाळ असेल तर १ तास आणि ५ तास). उलटी चूक पण तितकीच होते, मूल सावरलं, खेळायला लागलं, आणि तोच फास्ट रेट रात्रभर तसाच चालू. अतिकुपोषित मुलाला तर हे काहीच लागू नाही, तिथं शॉक असेल तरच शिरेतून आणि तेही सिनिअर समोर असताना.

वजन विचारू नका, करा

"दहा-बारा किलो असेल" यावर हिशोब करायचा नाही. ऊसतोडणीच्या हंगामात येणारी मुलं वयाच्या मानाने खूप हलकी असतात, वयावरून काढलेलं वजन तिथं साफ चुकतं. काट्यावर ठेवा, आणि रोज त्याच काट्यावर ठेवा, कारण उद्या फ्लुइड जास्त झालं का कमी हे सगळ्यात आधी वजनच सांगणार.

१००-५०-२० चं गणित

पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० ला ५०, त्याच्या वरच्या प्रत्येक किलोला २०. हे २४ तासांचं. तासाचं हवं असेल तर ४-२-१, म्हणजे त्याच टप्प्यांना किलोमागे ताशी ४, २ आणि १ मिली. चूक इथं होते की १४ किलोच्या मुलाला १४ गुणिले १०० करून १४०० लिहितात, किंवा १४ गुणिले ५० करून ७००. बरोबर आहे १००० अधिक २००, म्हणजे १२००, ताशी ५०. ४-२-१ ने ४८ येतं, तेवढा फरक दोन पद्धतींत असतोच, त्यावरून वाद घालू नका. २६ किलोला १००० + ५०० + १२० = १६२०.

नवजात बाळाला हे सूत्र लावायचं नाही म्हणजे नाही. पहिल्या दिवशी किलोला ५०-६० मिली आणि मग दिवसागणिक वाढवत न्यायचं, त्यांचा तक्ताच वेगळा.

खरा घोळ: किती पेक्षा कुठलं

आता जिथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. हे सूत्र हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ साली मांडलं, किती उष्मांक खर्च होतात त्यावरून पाणी काढलं आणि सोडियम किती हवं ते साधारण आईच्या आणि गाईच्या दुधात किती असतं ते बघून ठरवलं. त्यातून कमी सोडियमच्या बाटल्या आल्या आणि पिढ्यान्पिढ्या "लहान मूल म्हणजे आयसो-पी" असं हातात बसून गेलं. आयसोलाइट-पी मध्ये (तीच आयसो-पी) लिटरला सोडियम साधारण २५ मिलीइक्विव्हॅलंट, आणि आपल्या रक्तात असतं १४० च्या आसपास, मग बघा.

निरोगी मूल जास्तीचं पाणी लघवीतून टाकून देतं. पण न्यूमोनिया, मेंदूज्वर, ऑपरेशननंतरचं दुखणं, मळमळ या सगळ्यात एडीएच (पाणी धरून ठेवायला लावणारं हार्मोन) वाढलेलं असतं, किडनी पाणी धरून ठेवते, आणि वरून आपण जवळजवळ पाणीच सोडतोय. सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते. सुरुवातीला फक्त डोकं दुखतं, एखादी उलटी होते, मूल झोपाळू होतं, आणि घरचे म्हणतात "दमलाय, झोपू दे." सलाईनवर असलेलं मूल असं नव्याने सुस्त झालं तर झोपू देऊ नका, उठवून बघा, शुगर आणि सोडियम लगेच पाठवा, पातळ (कमी सोडियमची) बाटली बंद करा आणि सिनिअरला उठवा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. सोडियम कमी येऊन झटका आला तर उपचार ३ टक्के सलाईनचा आहे, नुसत्या झटक्याच्या औषधावर थांबू नका.

म्हणून २०१८ साली अमेरिकन बालरोग अकादमीने स्पष्ट सांगितलं, २८ दिवस ते १८ वर्षं या वयात मेंटेनन्सला आयसोटोनिक (सोडियम रक्ताच्या जवळपास असलेलं) फ्लुइड, त्यात डेक्स्ट्रोज आणि पोटॅशियम. आपल्याकडे डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेलं नॉर्मल सलाईन) सगळीकडे मिळतं, सोडियम १५४ आणि ५ टक्के ग्लुकोज, त्यात केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) घातलं की झालं. हृदय, किडनी, लिव्हर, मेंदूचं ऑपरेशन, मोठं भाजलेलं, कॅन्सर, असल्या पेशंटना हा सरसकट नियम लावू नका. आणि एडीएच वाढलेलं असणार असं वाटत असेल तर व्हॉल्यूम पण कमी करा, साधारण दोन-तृतीयांशवर आणा. फक्त बाटली बदलून भागत नाही.

केसीएल

१५ टक्क्याच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ५०० च्या बाटलीत अर्धी अँप्युल म्हणजे लिटरला २०. लघवी झाल्याशिवाय घालायचं नाही, थेट शिरेत कधीच नाही. आणि टांगलेल्या बाटलीत टोचून तसंच सोडू नका, ते खाली साठतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं आत जातं. बाटली काढा, चार-पाच वेळा उलटसुलट करा, मग लावा. लेबल लिहा.

मोठ्या माणसांचं

किलोला दिवसाला २५ ते ३० मिली, सोडियम आणि पोटॅशियम किलोला साधारण १, ग्लुकोज ५० ते १०० ग्रॅम. वयस्कर, हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर २० ते २५ वरच थांबा. तालमीतला ११० किलोचा पैलवान आला म्हणून ३३०० लिहू नका, ३ लिटरच्या वर क्वचितच लागतं, आणि चरबीचं वजन असेल तर आदर्श वजनावर धरा.

६० किलोच्या माणसाला एनएसच्या (नॉर्मल सलाईन) तीन बाटल्या दिल्या तर पाणी बरोबर, १५०० मिली, पण सोडियम जातं २३१ आणि गरज ६०. साडेतेरा ग्रॅम मीठ होतं ते! पोटॅशियम शून्य, ग्लुकोज शून्य. एक दिवस चालून जातं, चार-पाच दिवस हेच चाललं की पाय सुजतात, पोट फुगतं, आतडी सुस्तावतात आणि सगळे ऑपरेशनला दोष देतात.

अजून एक, पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या तीन, मेट्रोनिडाझोलच्या तीन, दुसरं अँटिबायोटिक १०० एनएस मधून दोनदा, हे झालं ८०० मिली. चार्टवर कोणी धरतच नाही, एकूण कोट्यातून ते वजा करा.

थेंब

मायक्रो सेटला ६० थेंबांना १ मिली, म्हणून ताशी जितके मिली तितके मिनिटाला थेंब. नेहमीच्या मॅक्रो सेटला २० थेंब असतील तर तीनने भागा (पाकिटावर छापलेलं असतं, बघा). ताशी ६६ हवं असेल तर मायक्रोवर ६६ थेंब आणि मॅक्रोवर २२. मॅक्रो लावून ६६ सोडले तर तिप्पट, दिवसाला पावणेपाच लिटर. लहान मुलाला ब्युरेट सेट (मधे मापाची नळी असलेला) लावा आणि एका वेळी दोन तासांचंच भरा, म्हणजे नातेवाईकांनी हौसेने चाकी सोडली तरी बाटली रिकामी होत नाही. हात वाकवल्याने ड्रिप मागे पडली तर "कव्हर" करायला फास्ट करू नका, तिथून पुढे ठरलेल्या रेटनेच जाऊ दे.

तोंडाने सुरू झालं की ड्रिप त्या प्रमाणात कमी करायची. अर्धं दूध, पेज, ओआरएस पोटात राहतंय आणि वर पूर्ण मेंटेनन्सही चालू, असं अर्ध्या वॉर्डात दिसतं. आणि ऑर्डर लिहिताना पुढचा माणूस काही विचारायला न लागता चालवू शकेल अशी लिहा, उदाहरणार्थ: न्यूमोनिया, आजचं वजन १४ किलो, पूर्ण गरज १२००, दोन-तृतीयांश ८००, डीएनएस ५०० + केसीएल ५ मिली, ताशी ३३ मिली, मायक्रो ३३ थेंब, इंजेक्शनचं पाणी यातच धरलेलं, उद्या सकाळी वजन आणि सोडियम-पोटॅशियम बघून नवीन ऑर्डर.