ग्रुपने लांब सायकल ट्रिप करताय? मग रस्त्यावरचे दिवस असे काढा

ट्रिप ठरली की सगळे आधी सायकल कुठली, गिअर किती यातच अडकतात. पण ग्रुप ट्रिप सायकलमुळे क्वचित फिसकटते, ती फिसकटते सगळ्यांचा स्पीड वेगवेगळा असल्यामुळे. आणि हे आधी कुणी बोलतच नाही.

होतं काय, की पुढचे दोघंतिघं ठरलेल्या जागी लवकर पोचतात, पाणी पितात, बाटल्या भरतात, फोटोबिटो काढतात आणि शेवटचा माणूस धापा टाकत येतो तेव्हा हे हेल्मेट घालून तयारच, "चला निघूया?" म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि दिवसभर असं चाललं की संध्याकाळी तो कुणाशी धड बोलत पण नाही. म्हणून पहिला नियम हा करून टाका: ब्रेकचं घड्याळ शेवटच्या माणसाने सायकल टेकवली की सुरू होणार. पंधरा मिनिटं म्हणजे त्याची पंधरा मिनिटं. पुढच्यांना फार वेळ बसावं लागत असेल तर त्यांनी हळू चालवावी, सोपं आहे.

दुसरं, सगळ्यात मागे एक जाणकार माणूस ठेवा ज्याला पंक्चर काढता येतं, पंप आणि टूलकिट त्याच्याकडेच. पंप पुढच्याकडे आणि पंक्चर मागे, हा प्रकार जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी होतोच. रस्ता बदलणारं वळण आलं की मागचा माणूस दिसेपर्यंत तिथेच थांबायचं, प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. मोबाईलला रेंज नसली तरी हे चालतं.

उलटा वारा असेल तर एकामागे एक चालवा, सपाट रस्त्यावर मागच्याची साधारण 20-30 टक्के मेहनत वाचते. पुढचा माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बदला आणि दमलेल्याला रांगेत मधे घ्या. सामान लादलेली सायकल पटकन थांबत नाही त्यामुळे रेसवाल्यांसारखं अगदी चिकटून चालवू नका, आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच घुसवू नका, चाकाला चाक लागलं की आपटतो तो बहुतेक वेळा मागचाच. खड्डा दिसला, थांबायचं असलं, तर ओरडून सांगा. लाजू नका.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: भूक लागायच्या आधी खा. बराच वेळ चालवणार असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स आणि अंदाजे अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात थोडं जास्त. दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, म्हणून सोबत काहीतरी खारट पण हवं.

आता ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो, म्हणजे बूड. पॅडवाली शॉर्ट्स आत अंडरवेअर न घालता घालायची असते, शिवण घासते म्हणून, आणि मुक्कामी पोचल्यावर गप्पा मारत तशीच बसायची नाही, लगेच बदलायची. रोज धुवायची. रात्रीत वाळत नाही ही सगळ्यांची तक्रार, तर कोरडा टॉवेल पसरा, पिळलेली शॉर्ट्स त्यावर ठेवा, घट्ट गुंडाळी करा आणि त्या गुंडाळीवर चक्क उभे राहा, बरंचसं पाणी टॉवेलमध्ये उतरतं. तरीही दोन जोड हवेतच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्यातली नस दाबली जातेय, हाताची जागा सारखी बदला आणि सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना बघा, कारण मग सगळं वजन हातांवर येतं. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, थोडी थोडी वर करत बघा, एकदम दोन बोटं नको.

संध्याकाळी अंघोळीच्या आधी (नंतर कुणी हात काळे करत नाही) दहा मिनिटं सायकलला द्या. टायरमध्ये काच-तार रुतलीय का बघा, चेन पुसा, ऑइल टाका आणि वरचं जास्तीचं ऑइल पुसून काढा नाहीतर त्यावर धूळ बसते. पंक्चर झालं तर नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा तिथेच असेल तर नवी ट्यूब पण गेलीच समजा. सामानाची वाटणी घरूनच करा, चेन टूल (चेनची कडी काढायचं-जोडायचं हत्यार) सगळ्यांत मिळून एक पुरतं पण ट्यूब ज्याची त्याची, कारण साइज आणि व्हॉल्व्ह वेगळे असतात. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, तर मॉडेलप्रमाणे बदलतो, तो प्रत्येकाने आपापला स्पेअर ठेवावा, इवलासा असतो पण वाकला की गिअर गंडलेच.

पैशांसाठी रोज सकाळी सारखी कॉन्ट्री काढा आणि हिशोब एकाकडेच द्या. घोरणाऱ्यांना एका खोलीत टाका, यात भावनांचा प्रश्न नाही. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी एक पूर्ण सुट्टी घ्या, त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही आणि ज्याला एकटं राहायचंय त्याला राहू द्या.

आणि कुणी मधेच सोडायचं म्हणालं तर काय, हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा: सायकल कशातून परत जाणार, त्याच्याकडचं कॉमन सामान कोण घेणार, आणि तब्येतीमुळे जात असेल तर सोबत कोण जाणार.