व्हर्ननसाठी पेलेच का निवडले

दोन वर्षांपूर्वी आम्ही हातचलाखी शिकणाऱ्या सात-आठ जणांनी ठरवलं, की ११ जूनला डाय व्हर्नन यांच्या जन्मदिवशी प्रत्येकाने त्यांचा एकेक प्रयोग करायचा. १८९४ साली कॅनडातल्या ओटावात जन्मलेल्या या जादूगाराला जगभरचे जादूगार ‘प्रोफेसर’ म्हणतात. नव्याने शिकणाऱ्यांपुढे असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल, म्हणून माझी निवड कशी बदलत गेली ते सांगतो.

आधी मी पत्ते घेतले, कारण तो किस्सा. कुठलाही खेळ तीनदा दाखवा, मी ओळखतो, असं त्या काळचा नावाजलेला जादूगार हूडिनी सांगायचा. १९२२ साली शिकागोत व्हर्नननी हूडिनीने आपल्या हाताने नावाची अक्षरं लिहिलेला पत्ता गड्डीत वरून दुसरा ठेवला आणि पुन्हा सर्वांत वर आणला. असं अनेकदा केलं, तरी हूडिनीला उलगडा झाला नाही. मलाही हे करायचं होतं. पण तालमीत तिसऱ्या रांगेत बसलेल्या मित्राला पत्ता दिसेचना. तो खेळ चार माणसांच्या टेबलावरचा होता. मी किस्सा निवडला होता, प्रयोग नव्हे.

मग तीन पेले आणि तीन चेंडू, म्हणजे पेल्यांखालून चेंडू नाहीसे करायचा आणि परत आणायचा खेळ. आपल्याकडे रस्त्यावरचा जादूगार जमिनीवर मांडी घालून हा खेळ करतो. त्याच्या पेल्यांना वर बोंड असतं, म्हणून ते एकमेकांत बसत नाहीत. व्हर्नन यांच्या क्रमात पेल्यात पेला बसावाच लागतो. माझे पहिले दोन महिने चुकीच्या पेल्यांवर गेले. पेले घेताना हे आधी पाहा.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं लिंबांनी. व्हर्नन यांच्या प्रयोगात शेवटी पेल्यांखालून लिंबं निघतात. तिकडची लिंबं मोठी, पेला भरून टाकणारी. आपलं कागदी लिंबू त्यापुढे लहान. पण खरी अडचण वेगळीच होती. तालमीला आलेल्या एक काकू पहिलं लिंबू दिसताच मागे सरकल्या. आपल्याकडे लिंबू म्हटलं की उतारा आठवतो, करणी आठवते. ज्या कलेत सगळं बोटांचं कसब आहे, तिथे ही शंका मला नकोच होती. पेल्याच्या तोंडात जेमतेम बसतील अशा मोसंब्या बाजारात शोधल्या. मूळ प्रयोगात बदल केल्याबद्दल एक ज्येष्ठ नाराज झाले, पण मला तो बदल आजही योग्य वाटतो. हालचाल नैसर्गिक हवी, हा व्हर्नन यांचा आयुष्यभराचा आग्रह. पाहणाऱ्याच्या मनात भलतंच काही उभं राहिलं तर हात कितीही सहज चालले तरी काय उपयोग?

कांडी फिरवून चेंडू नाहीसा करण्याची त्यांची पद्धत मात्र मी तशीच ठेवली. रोज सकाळी चाळीस मिनिटं, आधी चेंडू खरोखर दुसऱ्या हातात द्यायचा, मग दिल्यासारखा करायचा, आणि दोन्ही मोबाइलवर टिपून शेजारी शेजारी पाहायचे. माझा डावा खांदा फसवताना किंचित वर जायचा. तो खाली आणायला मार्च ते मे लागले.