मराठी माध्यमातून एमबीबीएसला जाताना

यंदा माझी इंटर्नशिप संपली. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले असल्याने त्याच वाटेने येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: इंग्रजी झेपेल का? झेपते, मात्र त्यासाठी काही सवयी वेळेवर लावून घ्याव्या लागतात.

ज्यांची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा अजून व्हायची आहे, त्यांनी प्रश्नपत्रिका मराठीतून घेण्याचे ठरवले असले, तरी जीवशास्त्राचे एनसीईआरटीचे पुस्तक इंग्रजीतूनही वाचावे. 720 पैकी 360 गुण याच विषयाचे असतात, आणि त्यातील बऱ्याच संज्ञा पहिल्या वर्षी पुन्हा भेटतात. जमल्यास एखादी सकाळ जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून काढावी. तिथली गर्दी, वास आणि ताटकळणे पाहूनही या कामाची ओढ टिकली, तर पुढची साडेपाच वर्षे सोसतात.

पहिल्या वर्षी खरी धास्ती शरीररचनाशास्त्राची असते. त्यातील बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीक असल्याने ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच नवे असतात, हे मला फार उशिरा उमगले. शब्द फोडून शिकावा: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘हायपो’ म्हणजे कमी. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, अशी आकृती पाच मुळे, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड या क्रमाने रोज सकाळी कोऱ्या कागदावर न पाहता काढावी. पंधरा दिवसांत हात आपोआप चालू लागतो.

वाचनाइतकेच बोलणेही महत्त्वाचे आहे. पहिल्याच इंटर्नल परीक्षेत मी शरीररचनाशास्त्रात नापास झाले. तोंडी परीक्षेत हातात ह्यूमरस, म्हणजे दंडाचे हाड, देऊन ते कोणत्या बाजूचे, असे विचारले होते. उत्तर ठाऊक असूनही वाक्य जुळेना आणि मी हाड नुसतेच फिरवत राहिले. त्यानंतर वसतिगृहातील मैत्रिणीसमोर रोज दहा मिनिटे मोठ्याने इंग्रजीत बोलायचे ठरवले: हेड वर आणि आतल्या बाजूला, ओलेक्रॅनन फोसा (कोपराकडचा खळगा) मागे, म्हणून हे उजवे. व्याकरण चुकले तरी थांबायचे नाही, एवढाच नियम होता. विद्यापीठाच्या परीक्षेत एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा असते आणि पहिले वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. हजेरी मात्र सांभाळावी: थिअरीला 75 टक्के आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के. तिथे अडकलेल्यांची हळहळ मी जवळून पाहिली आहे.

वॉर्डात पाऊल टाकले, की पारडे फिरते. ‘चक्कर येते’ अशी तक्रार आली, तर ‘गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?’ असे विचारावे. गरगरत असेल तर कानाच्या आतील भागाचा किंवा मेंदूचा विचार करावा लागतो. अंधारी येत असेल तर रक्तदाब, रक्तक्षय आणि हृदय तपासावे लागते. धाप लागणाऱ्या आजोबांना ‘रात्री उशाला किती उशा घेता?’ असे विचारले आणि ‘पूर्वी एक पुरायची, आता तीन लागतात’ असे उत्तर आले, तर स्टेथोस्कोप लावण्याआधीच हृदय कमजोर झाल्याची शंका येते. मराठी नीट न येणारे आमचे सहाध्यायी अशा वेळी आम्हाला खाटेजवळ बोलावून घेत.

म्हणून पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगपासून, म्हणजे वॉर्डातील पहिल्या नेमणुकीपासून, एप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवावी. डाव्या पानावर रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत: जीव घाबरतो, कळ येते, मुंग्या येतात, अन्नावरची वासना गेली. उजव्या पानावर, वरिष्ठांसमोर केस मांडण्यापूर्वी, प्रत्येकासमोर इंग्रजी संज्ञा लिहावी. संज्ञा आठवली नाही तर जागा कोरी सोडावी आणि राऊंड संपल्यावर युनिटमधल्या निवासी डॉक्टरांना विचारून ती भरून घ्यावी.