बायोडेटात 'कम्युनिकेशन स्किल' लिहायच्या आधी मार्कशीट घेऊन बसा

मी सोलापुरात टॉवेलच्या एका युनिटमध्ये ऑफिसचं काम बघतो आणि जागा निघाली की बायोडेटांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडतो. हार्डवर्किंग, टीम प्लेअर, कम्युनिकेशन स्किल, हॉबी क्रिकेट. बीएस्सी केमिस्ट्रीवाला असो नाहीतर बीए हिस्टरीवाली, नावं झाकली तर कोण कुठला ओळखू येत नाही. आणि तीन वर्षांचं शिक्षण एका ओळीत खल्लास, बीएस्सी, ६४ टक्के, फर्स्ट क्लास. मग हीच पोरं विचारतात, डिग्रीचा काय उपयोग ओ? उपयोग आहे की, पण तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कसा कळणार.

तर वहीचं एक पान आडवं घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात विषय, सगळ्या सेमिस्टरचे, मार्कशीटवर आहेत तसे. दुसऱ्यात त्या विषयात तुम्ही स्वतः काय केलं ते, आणि इथं 'अभ्यासलं', 'समजून घेतलं' असलं काही चालणार नाही, मोजलं, जुळवलं, जाऊन विचारलं, तक्ता केला, असंच पाहिजे. तिसऱ्यात हेच काम सोलापुरात पगार घेऊन कोण करतं. दुसरा रकाना अडला तर सिलॅबसची पीडीएफ उघडा, त्यात 'कोर्स आउटकम' म्हणून चार-पाच ओळी असतात ज्या कुणी वाचत नाही, तिथनं आठवायला सुरुवात करा. पण कॉपी मारू नका, त्याच ओळी तुमच्या अख्ख्या वर्गाच्या आहेत.

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पोलारिमीटर असतो बघा, साखरेच्या पाण्यातून प्रकाशाचं प्रतल किती अंशानं फिरतं ते मोजायचं, जर्नल पूर्ण करायचं आणि विसरायचं. अहो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गळीत सुरू झालं की रोज हेच चालतं! उसाच्या रसाचा ब्रिक्स म्हणजे विरघळलेलं एकूण किती, पोल म्हणजे त्यात साखर किती, ब्रिक्स २० आणि पोल १७ आला तर शुद्धता, म्हणजे विसातले सतरा, ८५ टक्के. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा आहे का? आणि तरी पोरगं लिहितं 'लॅब नॉलेज'. केमिस्ट्रीचं तसंच, इडीटीए टायट्रेशन करून, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण घालून मोजून, पाण्याचा कठीणपणा काढलेला असतो, आणि डाइंगवाल्याची डोकेदुखी तीच असते, जड पाण्यात रंग नीट बसत नाही, डाग पडतात.

स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी तर आमच्याकडे यायलाच पाहिजे. टॉवेल जीएसएमवर विकला जातो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर वजन ४४१ ग्रॅम भरलं पाहिजे. गठ्ठ्यातनं किती पीस काढून तोलायचे, फरक कितीपर्यंत चालवून घ्यायचा, हे सॅम्पलिंग आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच झालं की.

कॉमर्सचं जास्त सांगत नाही, त्यांचं त्यांना माहीत असतं. फक्त 'टॅली येतं' एवढंच लिहू नका. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवणं, केलंय का, खरेदीची बिलं जीएसटीच्या २बीशी, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवून बघितलीत का, ते लिहा.

आर्ट्सवाले सगळ्यात आधी हात टेकतात, आमचं काय प्रॅक्टिकल असतंय म्हणतात. समजा तुम्ही हिस्टरीला सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर प्रोजेक्ट केला. सरकारी कागद एक सांगतो, तेव्हाचं वर्तमानपत्र दुसरं आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी ऐकलेलं तिसरंच, ते सगळं शेजारी ठेवून कशावर किती विश्वास ठेवायचा हे तुम्ही ठरवलंत. आता आमचं बघा, पार्टी म्हणते ४० पीस कमी आले, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पूर्ण दिले, गोडाऊनच्या रजिस्टरला तिसराच आकडा. मला असं कागद लावून बघणारं माणूस पाहिजे असतं. सोशिऑलॉजीत विडी कामगारांच्या वस्तीत घरोघरी प्रश्नावली भरून घेतली असेल तर किती घरं, कुठल्या भाषेत बोललात, किती जणांनी दार लावून घेतलं तेही लिहा. दार लावून घेतल्यावर पुढच्या घरी जाणं, ह्याला मार्केटिंगवाले पगार देतात.

भाषेचं निघालंच आहे म्हणून, शहराच्या पूर्व भागातली पोरं घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडची कन्नड बोलतात, आणि बायोडेटात काय, तर मराठी, हिंदी, इंग्लिश! हैदराबाद-बेंगळुरूच्या पार्टीशी फोनवर त्यांच्या भाषेत बोलणारा मुलगा आम्ही शोधत असतो आणि तो आमच्यासमोर बसून गप्प असतो. बोलता येतं, वाचता येत नाही, असं खरं काय ते लिहा.

आता पानावरचं बायोडेटात उतरवताना एका ओळीत काय केलं, किती केलं, त्यातनं काय निघालं एवढं बसवा. 'गुड ॲनालिटिकल स्किल' खोडा आणि लिहा, 'वॉर्डातल्या १२ बोअरवेलच्या पाण्याचा कठीणपणा टायट्रेशननं तपासून तक्ता केला, ३ ठिकाणी जास्त आढळला.' बारा केले असतील तर बाराच, पन्नास नको, कारण मी विचारणार की एंड पॉइंटला, म्हणजे टायट्रेशन थांबवायचं तिथं, रंग कुठला येतो, आणि तिथं मग कपाळावर घाम येतो. पाच-सहा ओळी पुरे, सगळे विषय आणू नका, ज्या नोकरीला अर्ज करताय तिच्या कामाचे तेवढेच ठेवा. म्हणजे कारखान्याला वेगळा आणि आमच्याकडे वेगळा बायोडेटा, हो, कंटाळा येतो, पण करा.

दुसरा रकाना खरंच कोरा राहिला तर? अजून सेमिस्टर हातात असेल तर ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, किंवा फील्ड प्रोजेक्ट नुसता सही-शिक्क्यापुरता उरकू नका. इकॉनॉमिक्सवाल्यानं महिनाभर मार्केट यार्डातल्या कांद्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज एक्सेलमध्ये उतरवला, आवक शेजारी लिहिली आणि ग्राफ काढला तरी एक चांगली ओळ तयार होते. ती फाइल मोबाइलमध्ये ठेवा, इंटरव्ह्यूला कुणी विचारलं तर तिथंच उघडून दाखवता येते.