ऑडिट असिस्टंटची मुलाखत: समोर बिल आलं तर

बेळगावात ऑडिट असिस्टंटच्या मुलाखतीला नुसत्या व्याख्या पाठ करून जाऊ नका. समोर बिल ठेवून "यात काय बघशील?" असं विचारलं तर तारीख, रक्कम, सही सगळेच सांगतात. तुम्ही जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाला माल पाठवला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा), लांबच्या पण कर्नाटकातल्याच हुबळीला पाठवला तर सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीवरचे). चंदगड घरचंच वाटतं, म्हणून इथं चूक होते.

रोखीची व्हाउचरं दिली तर तारखा लावून बघा. एकाच माणसाला एकाच दिवशी ९,५०० ची दोन? बेरीज १०,००० वर गेली की तो खर्च आयकरात सहसा नामंजूर होतो.

कन्नड वाचता येत असेल तर न विचारता सांगा. कागद दोन्ही भाषांत येतात.